नव्या घरातला खड्डा

पहारीचा पहिला घाव घातला तर कोब्यावर नुसता पांढरा ओरखडा उठला. दुसऱ्याला पहार उलटी उसळली आणि मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तिसरा घाव मी दातओठ खाऊन घातला, तेव्हा कुठं एक टवका उडाला आणि चुलीपाशी जाऊन पडला.

शेजारची चिंगूकाकू आवाज ऐकून दारात आली. कडेवर भरलेली घागर तशीच.

"आनशे, काय चाललंय गं?"

"खड्डा काढतेय."

"पालिकेच्या घरात? नव्याकोऱ्या कोब्यात? डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय. आत ये आणि दार लोटून घे."

काकूनं दार लोटलं खरं, पण स्वतः बाहेरच राहिली. म्हटलं, राहू दे. थोड्या वेळानं तीच मागल्या दारानं आत आली, पदर खोचला आणि टवके घमेल्यात भरायला लागली.

आता खड्डा कशाला ते सांगते. आम्ही कोष्टी. आमचा हातमाग खड्ड्याचा. विणणारा जमिनीच्या काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या पावड्या दाबत विणतो. खड्डा नसेल तर तो माग नुसतं सरपण.

तेव्हा लढाई संपून गेली होती, स्वराज्य आलं होतं, आणि माळशिंगीच्या नगरपालिकेला गाव नव्यानं मांडायची हौस आली होती. स्टेशनपासून बाजारापर्यंत रुंद, सरळ रस्ता काढायचा होता, आणि आमची कोष्टी गल्ली बरोबर त्याच्या वाटेत येत होती. गल्ली पाडायची आणि आम्हाला गावाबाहेरच्या माळावर नवी घरं द्यायची, असं ठरलं.

घर वाईट नव्हतं. खोटं कशाला बोलू? दोन खोल्या, खिडकीला गज, चार घरांत मिळून एक नळ. जुन्या गल्लीत पावसाळ्यात भिंतीतनं पाणी पाझरायचं आणि पाण्यासाठी ओढ्यापर्यंत पायपीट असायची. नळाची तोटी मी पहिल्यांदा सोडली तेव्हा मला हसू आवरेना. पण त्या घरासोबत पालिकेचा एक नियम आला होता. राहत्या घरात धंदा करायचा नाही. घर राहायला, मागाला वेगळी शेड. शेड पालिका वसाहतीच्या कडेला बांधून देणार होती. चुन्याच्या रेघा मारल्या, पाया खणला, आणि तिथंच गाडं अडलं. खणलेल्या चरात बाभळी उगवल्या. वसाहतीतल्या शेळ्या तेवढ्या त्या शेडमध्ये जाऊन बसायच्या.

हा नियम गल्लीनं मान्य केला तो माझ्या सासऱ्यांच्या शब्दावर. नरसाप्पा तारळेकर, गल्लीचे पंच. मामंजी थट्टेतसुद्धा खोटं बोलत नसत. पेठेत लुगडं विकायला गेले तर विणताना कुठं तार तुटली असेल तिथं स्वतः बोट ठेवून व्यापाऱ्याला दाखवायचे. सासूबाई होत्या तोवर ह्यापायी कपाळावर हात मारून घ्यायच्या. पालिकेचे मेंबर आले, म्हणाले, नरसाप्पा, तुम्ही हो म्हणा, गल्ली ऐकेल. मामंजी म्हणाले, "नव्या घरात माझ्या हातानं माग लागणार न्हाई." झालं. गल्लीनं माना डोलावल्या.

जुनं घर सोडायच्या दिवशी मागावर लुगडं अर्धं झालेलं होतं. आमच्यात अर्धं कापड मागावरनं कापत नाहीत. घरात मयत झाली तरच त्याला कात्री लावतात. मामंजींनी चौंडेश्वरीपुढं दिवा लावला आणि कात्री हातात घेतली. मी दारात उभी होते. कापून झाल्यावर त्यांनी फणी काढली. फणी म्हणजे जिच्या दातांमधून ताण्याची एकेक उभी तार जाते ती. कापलेल्या तारांची टोकं फणीतनं तशीच लोंबत होती. त्यांनी ती सगळी जुन्या धोतरात गुंडाळली आणि नव्या घरात आल्यावर आढ्याला टांगून ठेवली.

"ह्याला कुणी हात लावायचा न्हाई," म्हणाले.

मग काय, सगळी वसाहत हात बांधून बसली. मागाची लाकडं अंगणात पोत्यांखाली, आणि पोत्यांखाली वाळवी. माझा नवरा सिद्राम इचलकरंजीला दुसऱ्याच्या मागावर मजुरीला गेला. जाताना मला म्हणाला, "घरात माग लागला की सांगावा धाड, त्याच दिवशी येतो." मी तंबाखूच्या वखारीत जायला लागले. दिवसभर ती धूळ नाकात, आणि संध्याकाळी त्या चकचकीत कोब्यावर येऊन बसायचं. ज्या घरात माग नाही ते घर मला घर वाटेना. माहेरी, सासरी, जन्मल्यापासून मी आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या खटखटीत झोपलेली. नव्या घरात एवढी शांतता की मला झोप लागायची नाही.

म्हणून, मामंजी चार दिवस लेकीकडे गेले तेव्हा मी पहार मागून आणली.

खड्डा झाला. काकूच्या मदतीनं माग उभा केला. फणीच तेवढी नव्हती. मी आढ्याकडं पाहिलं. काकूनं माझ्याकडं पाहिलं.

"आनशे, त्याला हात लावू नगंस."

मी पाटावर पाट ठेवला, वर चढले आणि गाठोडं खाली काढलं. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या गाठोड्याचं मी काय केलं ते पुढं सांगेन.

मामंजी परत आले तेव्हा मी विणत होते. वाटेवरच त्यांच्या कानावर आवाज गेला असणार, कारण दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा आधीच दगड झाला होता.

"हे कुणी केलं?"

"मी."

"मी शब्द दिलाय पालिकेला."

"पालिकेनंबी दिला होता, शेडचा."

"त्यांनी मोडला म्हणून मी मोडायचा?"

"तुम्ही मोडू नका, मामंजी. तुमच्या हातानं माग लागणार न्हाई म्हणालात, न्हाई लागला. माझ्या हातानं लागलाय. मी कुणाला शब्द दिला होता? मला इचारलं होतं का कुणी?"

सासऱ्यापुढं इतकं बोलायची माझी ती पहिलीच खेप. पदर डोक्यावर होता, पण आवाज काही खाली येत नव्हता.

"ह्या मागाकडं मी बघणार न्हाई," मामंजी म्हणाले, आणि बाहेर पायरीवर जाऊन घराकडं पाठ करून बसले. त्या दिवसापासून जेवायला आत आले तरी भिंतीकडं तोंड करून जेवायचे.

आवाज लपत नाही. आठवडा व्हायच्या आत ओव्हरसिअर खिडकीतनं डोकावून गेला आणि त्यानंतर एका सकाळी खुद्द चीफ ऑफिसर आले. वर्तक साहेब. उन्हानं लाल झालेले, चष्मा पुसत पुसत. मागं दौलू मुकादम आणि दोन बिगारी, डोक्यावर मुरूम आणि सिमेंटची घमेली. सगळी ओळ आमच्या अंगणात गोळा झाली.

मी खड्ड्यात पाय सोडून विणत होते. उठले नाही.

"बाई, बाहेर या," साहेब म्हणाले. "हा खड्डा बुजवायचा आहे. नाहीतर घर खाली करावं लागेल."

"शेड दावा साहेब. आत्ता मागासकट निघते."

"शेडचं काम मंजुरीला गेलंय."

"मग मंजुरी येईस्तोवर विणते."

कुणीतरी मागं खुसखुसलं. साहेबांना ते लागलं असावं, पण माणूस ओरडणारा नव्हता. ते उंबऱ्यावर टेकले आणि मला समजावू लागले. "तुमच्याच भल्यासाठी आहे हे. एका खोलीत चूल, पाळणा आणि माग. मुलांच्या छातीत सुताची भुकटी जाते. मी पाहिलंय, बाई. माणसानं माणसासारखं राहावं म्हणून ही घरं बांधलीत आम्ही."

खोटं नव्हतं त्यांचं. माझी मधली नणंद खोकून खोकूनच गेली होती. म्हणून मला जास्तच राग आला.

"साहेब, माणसासारखं राहायला आधी खायला लागतं. तुम्ही घर बांधताना चूल कुठं, न्हाणी कुठं, सगळं इचारलंत. चुलीवर काय शिजणार ते न्हाई इचारलंत."

साहेबांनी चष्मा चढवला आणि मुकादमाला खूण केली. "दौलू, माग बाजूला करा. भरा खड्डा."

दौलू गावातलाच. तो पुढं झाला, मागावर चढवलेलं लुगडं बघितलं आणि थांबला. हातभर विणून झालं होतं, पुढं सगळा ताणा ताणलेला.

"साहेब, कापड अर्धं हाय."

"मग?"

"अर्धं कापड कापत न्हाईत. घरात मयत झाली तरच कापतात. मी कात्री लावणार न्हाई."

बिगाऱ्यांनी घमेली खाली ठेवली. साहेब एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. मी धोटा फेकला, पावडी दाबली. खट. आणि तोंडातनं निघून गेलं, "एवढा ताणा संपू द्या, साहेब. ताणा संपला की खड्डा बुजवा. तोवर हात लावू नका."

काकूनं पदराचा बोळा तोंडात धरला. सगळे कोष्टी एकदम आपापल्या पायांकडं बघायला लागले.

साहेबांना ते रास्त वाटलं. "ठीक आहे. हा ताणा संपेपर्यंत. पण मला तुमचा शब्द नको, तुमच्या सासऱ्यांचा हवा. नरसाप्पा, इकडे या."

मामंजी पायरीवरनं उठले. आत आले नाहीत, मागाकडं बघितलंही नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. माझ्या बोलण्यात काय दडलंय हे मामंजींच्या लक्षात आलं नसेल, असं होणं शक्यच नव्हतं.

"नरसाप्पा, हा ताणा संपला की खड्डा बुजवणार?"

मामंजींनी चौकटीवरचा हात काढला.

"ताणा संपला की मी सोता बुजवीन," म्हणाले. "दुसरा कुणी कशाला?"

साहेब निघून गेले. लोक पांगले. मामंजी तिथंच उभे होते.

"ऐकलंस न्हवं?" माझ्याकडं न बघता म्हणाले. "मी बुजवीन म्हणालोय. आणि मी बुजवणार."

तेव्हा मला कळलं की साहेबांना मी अडवलं असेल, पण आता ह्या म्हाताऱ्याशी गाठ आहे.

त्यानंतर घरात बोलणं असं उरलं नाही. मी भाकरी वाढायची, ते भिंतीकडं तोंड करून खायचे. मी विणत राहिले. एक लुगडं उतरलं, दुसरं उतरलं. मागच्या बाजूला ताणा आखडत चालला. एक दिवस मामंजी ओढ्याकडं गेले आणि डोक्यावर मुरमाची पाटी घेऊन आले. पाटी दाराशी ठेवली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. सत्तरीचा माणूस, कुणाला हात लावू न देता स्वतः मुरूम वाहत होता. वसाहतीतल्या बायका बघून हळहळायच्या, पण मला त्या पाट्या बघून इतका संताप यायचा की धोटा हातातनं निसटायचा. काकू म्हणाली, "आनशे, ऐक म्हाताऱ्याचं. घर जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे. उद्या तू माग लावलास तर तुझ्याबी घरात हेच होणार हाय. तेव्हा कुणाकडं बघशील?"

शेवटचं लुगडं उतरलं त्या दुपारी मी चूल विझू दिली, चौंडेश्वरीला हळदकुंकू वाहिलं आणि बाजारातनं आणून ठेवलेलं नव्या ताण्याचं भेंडोळं काढलं. मागाच्या मागं बसले. समोर फणीतनं संपलेल्या ताण्याची टोकं लोंबत होती. मी नव्या ताण्याची पहिली तार उचलली आणि टोकाला गाठ मारली. मग दुसरी.

दारात सावली पडली. मामंजी पाटी उचलून आत आले होते.

"ऊठ," म्हणाले.

"न्हाई."

"ताणा संपलाय. मी शब्द दिलाय."

"मग घाला मुरूम. मी खड्ड्यात उतरते, माझ्यावरनं घाला." आणि मी खरंच उतरले. खड्ड्यात उभी राहिले, कमरेपर्यंत. "सून बुजवली म्हणून सांगा साहेबाला. तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई, तेवढं तरी खरं सांगता येईल."

मामंजींनी पाटी कलती केली. थोडा मुरूम माझ्या पायांवर पडला. मी हलले नाही. मग मला बघायचं म्हणून त्यांनी मान वर केली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांची नजर मागावर गेली.

फणीवर.

तिचा एक दात तांब्याच्या तारेनं बांधलेला होता. तो त्यांच्या बापानं बांधलेला. मामंजींनी पाटी खाली ठेवली आणि आढ्याकडं बघितलं. तिथं नुसती दोरी होती.

"माझी फणी," म्हणाले.

"व्हय."

मला वाटलं आता हात उगारतील. पण त्यांनी त्या बांधलेल्या दाताला बोट लावलं. "आनशे, खरं सांग. फणी मोकळी करून नव्यानं ओवलीस, का सांधलंस?"

"सांधलं."

"कशाला?"

"तुम्ही कापलेल्या टोकांना."

आमच्यात माग कधी रिकामा ठेवत नाहीत. ताणा संपत आला की फणीत त्याची टोकं राहू देतात आणि नव्या ताण्याची एकेक तार त्या टोकांना जोडतात. जुना ताणा नव्याला हात धरून फणीतनं पुढं नेतो. जोडलेल्या ताण्याला आम्ही नवा म्हणत नाही. तो तोच ताणा. मामंजींच्या आज्यानं लावलेला, त्यांच्या बापानं सांधत आणलेला, त्यांनी सांधत आणलेला, आणि नव्या रस्त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हातानं कापलेला.

मी खड्ड्यातनं वर आले. देवीच्या पाटाखालनं एक चिंधी काढून त्यांच्या हातात दिली. नव्या घरातल्या पहिल्या लुगड्याच्या दशा होत्या त्या. एका टोकाला त्यांनी शेवटी लावलेलं काळं सूत, दुसऱ्या टोकाला माझं हिरवं, आणि मधे माझ्या गाठी. मामंजी एकेका गाठीवरनं बोट फिरवत राहिले. डोळ्यांतनं पाणी खाली येत होतं, ते पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही.

"म्हंजे तुटलाच न्हाई," म्हणाले.

"तुम्ही तोडला होता. मी जोडला."

ते चुलीपाशी गेले, मूठभर राख घेतली आणि मागाच्या मागं मांडी घालून बसले. बोटांना राख फासली. मी मारलेल्या दोन गाठी सोडल्या आणि जुनं टोक नव्या टोकात असं पिळलं की सांधा कुठं ते मलाही दिसेना.

"गाठी मारू नगंस," म्हणाले. "पीळ दे. गाठ फणीत अडकती." आणि थोड्या वेळानं, मान खाली घालूनच, "आणि साहेबाला दिसती."

मी त्यांच्या समोर बसले. आम्ही दोघं दिवस मावळेस्तोवर तार तार पिळत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूच्या घरातनं पहारीचा पहिला घाव ऐकू आला. तिच्या पलीकडच्या घरातनं दुसरा. दुपारपर्यंत सगळी ओळ धडधडत होती. मी धाडलेला सांगावा मिळाला त्याच दिवशी सिद्राम इचलकरंजीहून आला, आणि आल्या आल्या पायातली धूळही न झाडता खड्ड्यात उतरून सैल झालेल्या पावड्या आवळायला लागला. दाराशी पडलेला तो मुरूम मामंजींनी अंगणात पसरला आणि चोपून चोपून घट्ट केला.

वर्तक साहेब दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा आले. ह्या खेपेला एकटेच होते. वसाहतीत शिरताना त्यांना काय ऐकू आलं असेल ते वेगळं सांगायला नको. मामंजी पायरीवर बसले होते, आता घराकडं तोंड करून. मी आत विणत होते.

"नरसाप्पा," साहेब म्हणाले, "संपला का तो ताणा?"

"न्हाई, साहेब."

साहेब आत आले. वाकून ताण्यावरनं बोट फिरवलं, पुढून मागं, मागून पुढं. कुठं गाठ नाही, कुठं सांधा नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं. मी धोटा फेकला.

"अजून संपत नाही?" साहेब म्हणाले. "आहे तरी केवढा लांब?"

मामंजी उठून उभे राहिले. माणूस खोटं बोलत नाही हे साहेबांना ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"माझ्या आज्यानं लावलाय," म्हणाले.